ठंडाभाऊ

केशोरीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की ठंडाभाऊंना बोलावणं जातं, आणि ठंडाभाऊ आल्यावर काय झालंय ते विचारत नाहीत. मालक सांगायला तोंड उघडतो तोवर त्यांचा उजवा तळहात सीपीयूच्या डब्याला टेकलेला असतो आणि डोळे मिटलेले असतात.

"गरम आहे जी," ते डोळे न उघडता म्हणतात. "कधीपासून?"

उत्तर काहीही द्या. कालपासून म्हणा, पोळ्यापासून म्हणा, विकत घेतल्यापासून म्हणा. पुढचं वाक्य ठरलेलं असतं.

"फॅन पाहा लागते."

कीबोर्डचा 'क' उठत नसेल तरी फॅन पाहावा लागतो. प्रिंटर कोरे कागद बाहेर टाकत असेल तरी फॅन पाहावा लागतो. एका कचेरीतल्या बाबूंना पासवर्ड आठवेना, तेव्हाही तळहात डब्यावर गेलाच. बाबू वैतागून म्हणाले, "भाऊ, पासवर्ड मी विसरलो. मशीन नाही विसरली." ठंडाभाऊंनी हात उचलला आणि शांतपणे बाबूंच्या कपाळाला लावून पाहिला.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच सुखात आहे. गावानं ठंडाभाऊ म्हटलं, त्यांनी ते मान्य केलं. असा माणूस एकट्या केशोरीचा नसतो. अर्जुनी मोरगावला एक असेल, वडशाला दोन असतील. नागपूरला तर गल्लीगल्लीत. जगातली एक गोष्ट त्याला चोख येते आणि उरलेलं जग तो त्या गोष्टीत कोंबून दाखवतो. कुणाला सगळ्या दुखण्यांचं मूळ पोटात दिसतं, कुणाला घराच्या ईशान्य कोपऱ्यात. ठंडाभाऊंना ते प्रोसेसरवरच्या पंख्यात दिसतं. फरक इतकाच, की पंचेचाळीस डिग्रीच्या मुलखात राहत असल्यामुळे ते बऱ्याचदा बरोबर निघतात, आणि त्यामुळे त्यांना कुणी अडवत नाही.

दुकान बाजाराच्या रस्त्याला. पाटी नाही. दारावर एक आडवी तार आणि तारेला टांगलेले जुने पंखे. काळे, राखाडी, एखादा पारदर्शक निळा, वायरी लोंबणारे. मे महिन्यात दुपारी झळ आली की ते आपसूक फिरायला लागतात. रस्त्यावरची पोरं थांबून बघतात. एखाद-दुसरा मात्र जागचा हलत नाही. ठंडाभाऊ गिऱ्हाइकाला बोटानं दाखवतात, "तो मेला. बाकीचे नुसते बेशुद्ध आहेत." बेशुद्धांना शुद्धीवर आणायची त्यांची पद्धत अशी: पंख्याच्या मधोमध कंपनीचा गोल कागद चिकटवलेला असतो तो नखानं अर्धा उचलायचा, खालच्या खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा, कागद पुन्हा दाबायचा, आणि बोटानं एक गिरकी द्यायची. गिरकी आवाज न करता संपली तर पंखा आणखी एखादा उन्हाळा काढतो. घरघरला तर पुन्हा तारेवर.

आधी ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. म्हणजे तापण्याशी त्यांचं नातं जुनं. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी विंडोज शिकून घेतलं, टायपिंग शिकून घेतलं; ठंडाभाऊंनी डबा उघडला आणि आत फिरणारी वस्तू बघून तिथंच मुक्काम ठोकला. त्यांचा इतिहासही पंख्यावरूनच चालतो. 286 च्या काळात प्रोसेसर बोर्डावर उघडाच बसायचा, त्याला पंखा लागत नव्हता. 486 च्या वेगवान जाती आल्या तेव्हा डोक्यावर पंखा घ्यायची पाळी आली. 1993 साली पेंटियम आला आणि त्यानंतर पंख्याशिवाय भागेना. हे सांगून झालं की ठंडाभाऊ त्यातून समाजशास्त्र काढतात.

"पयले मशीन कमी काम करे, कमी तापे. मानूसही तसाच होता जी. आता सरपंचाले पाहा, फॅन नाई आन स्पीड पेंटियमचा."

त्यांच्याकडे येणाऱ्या डब्यांत बहुतेकदा कोअर टू ड्युओ किंवा त्याच पिढीतला पेंटियम निघतो. शहरातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेला माल फिरत फिरत इकडे येतो आणि इथं नव्यानं नोकरीला लागतो. हा प्रोसेसर 65 वॅटचा. म्हणजे किती, हे पटवायला ठंडाभाऊंनी एकदा एका गुरुजींना साठचा पिवळा बल्ब पेटवून हातात धरायला सांगितला. गुरुजींनी तो जेमतेम क्षणभर धरला. "एवढी गर्मी," ठंडाभाऊ म्हणाले, "तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून निंगते. आन तुमी त्याच्यावर सत्यनारायणाची पत्रिका छापता." गुरुजी बोटं फुंकत होते, त्यामुळे पत्रिकेचा संबंध त्यांनी विचारला नाही.

पण एक मानलं पाहिजे. बड्या बड्या शिकलेल्यांचा जिथं घोळ होतो तिथं ठंडाभाऊंचा होत नाही. पंखा गारवा तयार करतो असं सगळ्यांना वाटतं. "पंखा ठंडा करत नाई," ते म्हणतात. "पंखा गरम हवा तिथून हाकलते. कालवा पानी तयार करते का? नेऊन सोडते. बस." प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचे पाते-पाते असलेला ठोकळा बसतो, तो हीट सिंक. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात चढते, ठोकळ्याच्या पात्यांत पसरते आणि पंख्याची हवा ती उचलून नेते. खोलीतच पंचेचाळीस डिग्री असेल तर ठोकळा पंचेचाळीसच्या खाली कधीच येणार नाही, पंखा कितीही जोरात फिरवा. शंभर डिग्रीच्या आसपास गेला की प्रोसेसर आधी स्वतःची चाल मंद करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होते. ठंडाभाऊंना या स्वभावाचं फार कौतुक. "याले म्हनते समजदारी. डोस्कं तापलं, चूप बसला. आमच्या घरी कोनाले जमलं नाई."

हे ऐकून एका हुशार माणसानं सीपीयूचा डबा थेट डेझर्ट कूलरसमोर मांडला. कूलरचं गवत नवं, पाणी भरपूर, हवा गार. डबा आठवडाभर मजेत चालला आणि मग आतले स्क्रू तांबूस व्हायला लागले. ठंडाभाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं, मालकाकडे पाहिलं आणि विचारलं, "रोवना करायचा होता का जी आतमधी?"

थंडीगर्मीच्या या शास्त्रात त्यांना एकच कोडं सुटलेलं नाही, ते गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीचं. 1972 पासून ही माणसं इथं आहेत. बर्फाच्या मुलखातली माणसं झाडीपट्टीच्या उन्हात वसली, शेती केली, मुलं वाढवली, आणि थंडीच्या दिवसांत गावोगाव स्वेटर विकून आली. "यायच्यात कोनता हीट सिंक बसवला असन?" असं ठंडाभाऊ मनापासून विचारतात. एकदा वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनाच त्यांनी विचारलं. बाबांनी सावकाश उत्तर दिलं, "दुपारी झोपतो." ठंडाभाऊ त्या दिवसापासून दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतात.

आता मिरचीची गोष्ट. केशोरीची मिरची या भागात नावाजलेली. हंगामात अंगणं लाल होतात, चक्क्या धडाडतात. एक सेवा केंद्र नेमकं अशा चक्कीच्या शेजारी. मे महिन्यात उन्हाळी धानाच्या नोंदणीसाठी लोकांना सातबारा हवा असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या केंद्राचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालून पटकन बंद पडायला लागला. चालू करा, पाटी येते, नाव टाका, गाव निवडा, गट नंबर टाका, बंद. शेतकऱ्यांची रांग उन्हात. केंद्रवाला पोरगा घामाघूम. ठंडाभाऊंना घेऊन या म्हणून कुणीतरी मोटारसायकल पिटाळली. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. म्हणजे झोपेतून उठवून आणलं होतं.

तळहात टेकला. डोळे मिटले. "गरम आहे जी."

"ते सगळ्यांले मालूम आहे!" रांगेतून आवाज आला.

ठंडाभाऊंनी डब्याची बाजूची पत्री उतरवली आणि सगळी रांग वाकून आत बघायला लागली. हीट सिंकची पाती दिसतच नव्हती. पंख्याच्या खाली लाल रंगाचा जाड थर बसला होता, बोटानं उचलला तर गादीसारखा सलग निघेल असा. चक्कीतून उडालेली भुकटी पंख्यानं रोज थोडी थोडी ओढून घेतली होती. त्यात दोन-चार बियाही होत्या. एकीकडे सहाही पाय तुटलेला एक तुडतुडा. तो मागच्या दिवाळीचा असणार. धान निसवतं तेव्हा हे किडे दिव्यावर धाड घालतात, आणि रात्री गावात सगळ्यात उशिरापर्यंत उजेड देणारी वस्तू म्हणजे हल्ली कॉम्प्युटरचा पडदा.

"मागं सरका," ठंडाभाऊ ब्लोअरची वायर लावत म्हणाले. "आता फुकतो."

कुणी सरकलं नाही. मागं सरकलं तर नंबर जातो.

"सरका ना जी. मिर्ची आहे."

"तुमी करा भाऊ," पहिल्या नंबरचे काकाजी म्हणाले, "आमाले मिर्चीचं कोनी नको सांगू. पिकवतो आमी."

ठंडाभाऊंनी स्वतःच्या तोंडाला दुपट्टा बांधला आणि ब्लोअर चालू केला.

पुढची पाच मिनिटं सेवा केंद्रात कुणालाच काही दिसलं नाही. शिंका एकात एक अडकत गेल्या. केंद्रवाला पोरगा टेबलाखाली गेला. एक आजी पदर डोळ्यांना लावून ज्यांचं त्यांचं नाव घेऊन शिव्या घालत होत्या. शेजारच्या चक्कीवाल्यानं काय झालं म्हणून आत डोकं घातलं आणि तेवढ्याच वेगानं बाहेर काढलं. हे आपलंच उत्पादन आहे हे त्याला कळलं असावं. धुरळा बसला तेव्हा रांग जशीच्या तशी उभी होती, एकही नंबर इकडचा तिकडे झालेला नव्हता. सगळ्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पहिल्या नंबरचे काकाजी नाक पुसत म्हणाले, "सातबारा पाहून रडू येतेच जी. पन निंगायच्या आधीच?"

मग खरं काम सुरू झालं, आणि इथून पुढे ठंडाभाऊ बदलतात. बोलणारा माणूस गप्प होतो. हीट सिंकच्या चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकचे पाय असतात. प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक खाच आणि एक बाण कोरलेला. इथंच अर्धा महाराष्ट्र फसतो. बाण दिसला की माणूस बाणाच्या दिशेनं पिळतो आणि समजतो की घट्ट झालं. हा बाण सोडवायचा. बसवताना आधी चारही डोकी उलटीकडे अडेपर्यंत फिरवून ठेवायची आणि मग नुसती दाबायची. ठंडाभाऊंनी चारही बाणाकडे फिरवून ठोकळा उचलला. खाली प्रोसेसरवर जुनी पेस्ट वाळून खरपुडी झाली होती. मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटनं आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं त्यांनी ती पुसली. धातू चकाकेपर्यंत पुसली. रांगेतले लोक आता वाकून बघताना श्वाससुद्धा हळू घेत होते.

पेस्टची सिरिंज निघाली. प्रोसेसरच्या बरोबर मध्ये एक ठिपका, लाखोरीच्या दाण्याएवढा.

"बस?" केंद्रवाला पोरगा टेबलाखालून बाहेर येत म्हणाला. "आजून टाका ना भाऊ. पैसे देतो."

"हे तूप नोहे बाबू."

दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट ठेवले तरी दोघांच्याही अंगावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात, त्यांत हवा राहते, आणि हवा उष्णता नेण्यात आळशी. पेस्ट त्या खड्ड्यांपुरती. जास्त झाली तर तीच मध्ये भिंत होऊन बसते आणि बाहेर ओघळून पसारा करते तो वेगळा. काही लोक पेस्टऐवजी टूथपेस्ट लावतात. ती चारदोन दिवस चालते आणि वाळली की पुन्हा होतं तेच. ठंडाभाऊंकडे असा एक डबा आला होता. उघडल्यावर पुदिन्याचा वास आला. त्या दिवशी त्यांनी मालकाशी शब्दही न बोलता काम केलं आणि नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त घेतले.

ठोकळा बसवायचा तो सरळ वरून, एकदाच. ठेवून सरकवायचा नाही. मग पाय दाबायचे, तेही शेजारशेजारचे नाही. एक इकडचा, तर दुसरा त्याच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यातला. टक. टक. तिसऱ्याला थोडा जोर लागला. टक. चौथा पाय म्हणजे मालकाची परीक्षा. तो दाबताना हिरवा बोर्ड डोळ्यांदेखत वाकतो आणि मालकाला वाटतं, गेला. केंद्रवाल्या पोरानं डोळे मिटून घेतले. रांगेतल्या आजी म्हणाल्या, "वो बाप्पा, तोडतो का गा?" ठंडाभाऊंनी अंगठ्यावर अंगठा ठेवून भार दिला.

टक.

यानंतर जे करतात त्यासाठी मी ठंडाभाऊंना गुरू मानायला तयार आहे. आवाजावर ते विश्वास ठेवत नाहीत. बोर्ड उलटा करून चारही पायांची टोकं पलीकडून सारखी बाहेर आलीत का ते बोट फिरवून बघतात. एखादं अर्धंच आलं असेल तर ठोकळा एका बाजूनं उचललेला राहतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि महिन्याभरात तक्रार परत. शेवटी चार तारांचा छोटा सॉकेट जागेवर. दोन तारा विजेच्या, तिसरी पंख्याचा वेग बोर्डाला कळवते, चौथीवरून बोर्ड पंख्याला हळू-जोरात फिरायचा हुकूम देतो. हा सॉकेट लावायचा राहिला की पडद्यावर इंग्रजीत पंख्याची तक्रार येते आणि एफ वन दाबा म्हणते. मी अशी एक कचेरी पाहिली आहे जिथं सकाळी आल्यावर शिपाई आधी झाडू मारतो, मग उदबत्ती लावतो, मग एफ वन दाबतो. नवा शिपाई आला तेव्हा जुन्यानं त्याला कामाचा हा क्रम तसाच समजावून दिला.

त्या दिवशी सातबारे निघाले. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही बंद पडली नाही. ठंडाभाऊंनी 50 रुपये घेतले आणि अर्धा पाव मिरची. मिरची त्या हीट सिंकमधली नव्हती, हे मी विचारून घेतलं.

आता त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र फारच गोंडस होईल. एका शाळेतला कॉम्प्युटर अजिबात चालू होईना. ठंडाभाऊंनी तो दुकानात नेला, पंखा काढला, पेस्ट बदलली, रॅम खोडरबरानं घासली, सगळं परत बसवलं, शाळेत आणून वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. चालू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी चहा सांगितला. वर्गाच्या कोपऱ्यात बसलेल्या एका चिमुरड्या पोरीनं तेवढ्यात विचारलं, "सर, आधी तं पिन भितीतून निंगून होती ना?" हेडमास्तरांनी तिला पाणी प्यायला पाठवलं. ठंडाभाऊंनी चहा संपवला. त्यांच्या यशाचं निम्मं रहस्य हेच आहे, की फॅन पाहायच्या निमित्तानं ते प्रत्येक वायर काढतात आणि प्रत्येक वायर परत नीट बसवतात. सैल झालेलं काहीतरी त्यात आपोआप घट्ट होतं. श्रेय पंख्याला जातं.

पंख्याचा काहीच दोष नसेल तेव्हा मात्र हाल. हार्ड डिस्क जाऊन महिना झाला तरी एका वकिलांच्या डब्याचा पंखा ते बदलत राहिले. दर खेपेला पंखा आधीपेक्षा सुंदर. शेवटचा तर निळा उजेड पाडणारा होता. फाइल एकही उघडत नव्हती, पण वकीलसाहेब पक्षकारांना डबा दाखवायचे.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा गावातला एक पोरगा सुट्टीत आला. त्यानं जुन्या बाजारातून 1155 सॉकेटचा बोर्ड स्वस्तात उचलला होता आणि घरातल्या बिघडलेल्या कॉम्प्युटरचा, 775 सॉकेटवरचा, पंखा त्यावर बसवायला बघत होता. एक पाय बसला की दुसरा उठायचा. तास-दीड तास झटापट करून तो दुकानात आला. आला तो ठंडाभाऊंना शिकवतच आला: पिढी कोणती, चिपसेट कोणता, नॅनोमीटर किती. ठंडाभाऊंनी ऐकून घेतलं आणि गल्ल्यातून कंपासपेटीतली पट्टी काढली. आधी जुन्या पंख्याच्या पायांमधलं अंतर मोजलं. मग बोर्डाची भोकं.

"हे बहात्तर मिलिमीटर. हे पंच्याहत्तर."

पोरगा गप्प. मग म्हणाला, "फक्त तीन मिलिमीटर? वायरनं बांधून टाकू काकाजी. नाहीतर सुतळीनं."

"हीट सिंक म्हनजे बैल नोहे." ठंडाभाऊंनी पट्टी पुसून परत ठेवली. "आन तीन मिलिमीटरले फक्त नोको म्हनू. आपल्या इथं तीन इंच धुऱ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात गेल्या."

मग पोरानं लिक्विड कूलिंग काढलं. प्रोसेसरवर पंप असतो, नळ्यांतून पाणी फिरतं, नागपूरला मित्राकडे आहे, गेम खेळताना जरासुद्धा आवाज येत नाही. ठंडाभाऊंनी हे मात्र फार लक्ष देऊन ऐकलं. पाणी कुठून कुठे जातं ते दोनदा विचारलं. शेवटी मान हलवली. "कालव्याचं पानी टेलपर्यंत पोचत नाई बाबू, आन तू डब्यात फिरवतो म्हनतो." आणि उठून दारावरच्या तारेवरून एक बेशुद्ध काढला. पंच्याहत्तरचाच. कागद उचलून एक थेंब तेल, एक गिरकी. आवाज आला नाही. चार वेळा टक. पोरगा पैसे द्यायला लागला तर घेतले नाहीत. "शिकून राह्यला ना तू? शीक. पन पट्टी ठेवत जा खिशात."

गेल्या उन्हाळ्यात मिरचीवाल्या सेवा केंद्रानं अखेर नवी मशीन घेतली. टिफिनच्या डब्याएवढी, पडद्याच्या मागे अडकवायची. पोरानं मुद्दाम पंखा नसलेलीच मागवली होती, मिरची आत जायला वाटच नको म्हणून. पेढे वाटले, ठंडाभाऊंनाही दिला. ठंडाभाऊंनी पेढा खाल्ला, हात धोतराला पुसला आणि नव्या मशीनवर तळहात टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, बारीक भोकं असतील म्हणून डोळ्याजवळ नेली. सगळं अंगच हीट सिंक होतं. बाहेरून पाती-पाती, आत काही फिरत नव्हतं.

"गरम आहे जी," ते म्हणाले.

"असणारच भाऊ. ती तशीच असते. कंपनीनंच तशी केली आहे. अंगावरूनच गर्मी सोडते."

"हवा कोन नेते मंग?"

"आपोआप जाते."

"मे महिन्यात? केशोरीतून?"

पोराला उत्तर सुचलं नाही. ठंडाभाऊ काही न बोलता दुकानात गेले आणि अर्ध्या तासानं जुना टेबलफॅन खांद्यावर घेऊन आले. तो मशीनसमोर मांडला, बटण दाबलं. टेबलावरचे सातबारे उडाले, ते उचलून त्यांच्यावर वजन म्हणून पेढ्यांचा खोका ठेवला. मग बिलबुक काढून कार्बन नीट लावला आणि जाडजूड अक्षरात लिहिलं: प्रोसेसरचा फॅन बसवला. नग 1. रुपये 50. मिरची वेगळी.